एनारकाकांचं सैल बुशिंग

सैल झालेली वस्तू घट्ट करण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या टॅमरॅक फॉल्समध्ये नाही! उन्हाळ्यात मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, हिवाळ्यात बर्फावरच्या गाड्या. या गावात जे जे म्हणून हलतं, डुगडुगतं किंवा खडखडतं, ते एकदा तरी माझ्या हाताखालून गेलेलं आहे. यात माझ्या मित्राची, वेंडेलची दाढसुद्धा आली, पण तो विषय त्याला आवडत नाही.

त्यामुळे एनारकाकांच्या पिस्तुलाचं बुशिंग सैल आहे हे मला कळलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, जेवणाआधी हे काम उरकून टाकू. आज या गोष्टीला महिना झालाय आणि अजून माझ्या फ्रीजरमध्ये लोकांनी आणून दिलेलं सांत्वनाचं जेवण शिल्लक आहे.

एनारकाका म्हणजे माझ्या बायकोचे, जोलीनचे काका. तिचे आईवडील ती बारा वर्षांची असताना गेले आणि काकांनी तिला वाढवलं. म्हणजे माझे सासरेच म्हणा ना. वय शहात्तर, अंगकाठी सरळसोट, आणि दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलणार. आमच्या पिस्तूल क्लबच्या संघात ते तीस वर्षं आहेत. डावा हात खिशात, उजवा हात समोर, आणि पन्नास यार्डांवरच्या काळ्या गोलात दहाच्या दहा गोळ्या अशा टाकायचे, की जणू पेटीत पत्रं टाकतायत.

मागच्या शरद ऋतूत त्यांची तीस वर्षं झाली म्हणून क्लबाने त्यांना नवंकोरं पिस्तूल भेट दिलं. कारखान्यातून आलेलं, खोक्यातलं, वर निळी फीत. जुनं बिचारं झिजून गुळगुळीत झालं होतं, ते क्लबाच्या काचेच्या कपाटात गेलं. नवं निवडून आणायची जबाबदारी संघाचा कप्तान वेंडेल याने माझ्यावर टाकली होती आणि मी ती अत्यंत अभिमानाने पार पाडली होती! खोकं उघडताना काकांचे डोळे किंचित ओलावले. आमच्याकडे हे भर चौकात गळा काढून रडल्यासारखं धरतात.

आणि त्यानंतर काकांचा नेम गेला.

तीनशेपैकी दोनशे ऐंशी गुण मिळवणारा माणूस दोनशे पस्तिसावर आला. गोळ्या कागदभर पसरायला लागल्या. सगळा हिवाळा हे चाललं होतं आणि क्लबात कुणी अवाक्षर काढलं नाही. आमची माणसं तशीच आहेत. समोरचा तळ्यात गटांगळ्या खात असेल तर काठावरून विचारतील, "पाणी अजून गारच आहे नाही?"

मग एप्रिलमधल्या त्या सोमवारी काका माझ्या कारखान्यात आले. मी एका इंजिनाच्या पोटात हात घालून उभा होतो. त्यांनी पिस्तुलाची पेटी बाकावर ठेवली आणि उजवा हात माझ्या नाकासमोर धरला.

"हलतोय का बघ."

"नाही, काका."

"नीट बघ."

"नाही हलत."

"जोलीनला सांगू नकोस," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं. आधी कॉफी सांडायला लागली. मग सही येईना. तीन वर्षांत शर्टाची बटणं लावायला माणूस लागायला लागला." काका थांबले. एका दमात एवढे शब्द त्यांनी माझ्या लग्नातही उच्चारले नव्हते. "शनिवारी बर्च लेकच्या संघाशी सामना आहे. त्यातही गोळ्या अशाच फाकल्या, तर मला कळलं म्हणायचं. मग पिस्तूल कायमचं ठेवून देतो."

हा माणूस सहा महिने रोज सकाळी कॉफीच्या कपाकडे बघत बसत असणार, थेंब सांडतो का म्हणून, आणि एकटा.

काका कॉफी ओतून घ्यायला वळले. मी सहज चाळा म्हणून पिस्तूल उचललं, रिकामं आहे ना ते पाहिलं, आणि नळीचं तोंड बोटाने दाबलं. टिक! सोडलं. टिक! पुन्हा दाबलं. टिक-टिक-टिक!

आता हे सांगायला हवं. या पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी एक पोलादी कडं असतं, त्याला बुशिंग म्हणतात. प्रत्येक गोळीला नळी हलते, आणि पुन्हा बरोब्बर त्याच जागी यावी म्हणून तिला धरून ठेवणं एवढंच त्या कड्याचं काम. कारखानेवाले ते थोडं सैलच ठेवतात, म्हणजे कोणतंही कडं कोणत्याही नळीवर चढतं. पण हे थोडं नव्हतं! ही नळी आजोबांच्या बुटात नातवाने पाय घालावा तशी आत फिरत होती. हात कितीही स्थिर ठेवा, गोळी जाईल तिकडे जाईल!

"काका!" मी ओरडलो. "हात नाही हो, हे बुशिंग..."

"ते भेट मिळालेलं आहे," काका म्हणाले.

"हो, पण ते सैल..."

"सगळ्या गावाने दिलंय. भेटीत खोट काढायची नसते, डेल्मर."

विषय संपला! तुम्हाला वाटेल, काय हा हट्ट. पण आमच्याकडे मावशीने विणलेला स्वेटर गुडघ्यापर्यंत आला तरी माणूस तो वीस वर्षं घालतो आणि "ऊब छान आहे" म्हणतो. शिवाय खोट निघाली तर ती निवडली कोणी, हा पुढचा प्रश्न आलाच. त्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी हातात पाना घेऊन उभं होतं.

म्हणून मी साळसूदपणे म्हटलं, "बरं, राहिलं. निदान तेलपाणी तरी करू द्या. बुधवारपर्यंत देतो."

काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पेटी तिथेच ठेवून गेले.

माझा बेत साधा होता. बुशिंग गुपचूप घट्ट करायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही. शनिवारी काकांच्या गोळ्या पूर्वीसारख्या बसतील, हाताची भीती जाईल, भेटीची अब्रू राहील, आणि माझीही!

सोमवारी मी ते कडं पकडीत धरून हलकेच दाबलं. ते अंड्याच्या आकाराचं झालं. मंगळवारी सकाळी दुसऱ्या बाजूने दाबून गोल करायला गेलो, तर ते वेगळ्याच पक्ष्याच्या अंड्यासारखं झालं. मग हातोडीने कडेकडेने ठोकलं. मग घासलं. पुन्हा ठोकलं. शेवटी पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात ते घालून पाहिलं, तर अर्धं आत गेलं आणि तिथेच बसलं. पुढे जाईना की मागे येईना! मी तेल घातलं, लाकडी ठोकळ्याने ठोकलं, चार गोष्टी ऐकवल्या. ते हलायलाच तयार नाही. सैल वस्तू घट्ट करायची म्हणजे अशी करायची! पुढची पन्नास वर्षं त्याला कुणी हलवू शकलं नसतं, काकासुद्धा!

मग मला आठवलं, थंडीने धातू आकसतो. म्हणजे फ्रीजर!

पण आमच्या घरचा फ्रीजर ही जोलीनची हद्द. त्यातल्या प्रत्येक पुडक्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी असते: काय, कधीचं, किती जणांचं. मी तो अडकलेला भाग खाटकाच्या पांढऱ्या कागदात गुंडाळला आणि विचार केला, जगात असा कोणता पदार्थ आहे की ज्याचं पुडकं आमच्या घरात कुणी आपण होऊन उघडणार नाही? उत्तर तयार होतं. मी चिठ्ठीवर लिहिलं: लुटफिस्क.

लुटफिस्क म्हणजे सोड्याच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत केलेला सुका मासा. आमचे सगळ्यांचे पणजोबा नॉर्वेहून येताना ही आवड बरोबर घेऊन आले. नाताळात सगळे त्याची स्तुती करतात आणि गुपचूप कुत्र्याला घालतात. आमचा कुत्राही हल्ली नाताळात बाहेर झोपतो. मी पुडकं तळाशी सारलं आणि शीळ वाजवत बाहेर आलो.

मंगळवारी दुपारी काकांचा फोन आला. तो जोलीनने घेतला.

"पिस्तूल झालं का, विचार."

जोलीनला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "डेल्मरनं नीट ठेवलं असेल, काका. तुम्ही नका काळजी करू. तुम्हाला कशाला लागतंय एवढ्यात?"

मग काका "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

आता या "बरं"चा अर्थ लावण्याइतकी अक्कल मला असती तर! आमच्या भागात म्हातारा माणूस थकला की घरची मंडळी ठरलेल्या क्रमाने वागतात. आधी त्याची बंदूक नेतात, काहीतरी निमित्त काढून. मग एक दिवस गाडीच्या किल्ल्या जातात. मग घर. आणि मग तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमातली खिडकीजवळची खोली. त्याच हिवाळ्यात हाल्वोर नावाच्या शेजाऱ्याचं असंच झालं होतं. त्याच्याही जावयाने बंदूक तेलपाण्यालाच नेली होती!

आणि काकांनी मला आदल्याच दिवशी आपला हात दाखवला होता.

बुधवारी सकाळी शेजारची मेव्हिस दारात उभी. हातात हॉटडिशचं भांडं. खिमा, मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, भट्टीतून काढलेलं, वाफाळतं. आमच्याकडे हे भांडं फक्त दोन प्रसंगी येतं: घरात बाळ जन्मलं तर, किंवा कुणी जायच्या बेतात असलं तर. जोलीन पंचावन्न वर्षांची आहे.

"तुम्हाला या दिवसांत स्वयंपाकाचं सुचणार नाही," मेव्हिस म्हणाली.

"कोणत्या दिवसांत?" जोलीन.

"असू दे गं," मेव्हिस तिचा हात दाबून म्हणाली, "मी काही विचारत नाही." आणि खरंच काही न विचारता गेली!

मी जेवायला घरी आलो तर जोलीन खुर्चीत ताठ बसलेली.

"डेल्मर, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाला?"

"कोणता डॉक्टर?"

"मला लपवू नकोस! मेव्हिसला कळलं आणि मला नाही?"

"काय कळलं?"

"तू कालपासून शीळ घालतोयस! एकटाच! तीस वर्षांत तू घरात कधी शीळ घातली नाहीस!"

मी शपथा घेतल्या, जीभ दाखवली, जिन्यावरून दोनदा पळून दाखवलं. तिसऱ्यांदा पळताना धाप लागली आणि तिथेच सगळं फिसकटलं. तिने मला सोफ्यावर झोपवलं आणि गरम हॉटडिश भरवली. चव छान होती, म्हणून मी फार वाद घातला नाही.

गुरुवारी आणखी तीन भांडी आली. दुपारी कारखान्यात वेंडेल आला. टोपी काढून हातात घेतलेली. तो टोपी फक्त चर्चमध्ये आणि राष्ट्रगीताला काढतो.

"डेल्मर," तो बुटांकडे बघत म्हणाला, "हे बोलायची ही वेळ नाही, मला कळतंय. पण एनारची ती बोट... म्हणजे तो तिकडे गेल्यावर... कुणाला द्यायची ठरलंय का?"

"तिकडे कुठे?"

"तळ्यापलीकडे. आश्रमात." वेंडेल चमकला. "तुम्हीच पाठवताय ना? तो परवा संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाला, माझं पिस्तूल नेलंय त्यांनी, आता बाकीचं ओळीने जाईल. त्याने मासेमारीच्या काठ्या वाटायला घेतल्यात! मला दोन दिल्या. शनिवारी तो येणारच नाही म्हणतोय."

माझ्या हातातला पाना थेट पायावर पडला. मी एका पायावर नाचत म्हणालो, "अरे, तसं काही नाही! मी फक्त..." आणि गप्प बसलो. कारण पुढचं वाक्य होतं, तुम्ही दिलेलं पिस्तूल खडखडत होतं. ते वेंडेलला कसं सांगणार? सगळ्या गावात फिरून भेटीचे पैसे त्यानेच जमवले होते!

मी तसाच लंगडत घरी धावलो. ठरवलं, काहीही करून ते पुडकं काढायचं, बुशिंग सोडवायचं आणि पिस्तूल काकांच्या हातात ठेवायचं. फ्रीजर उघडला. वरची हॉटडिश काढली. दुसरी काढली. हरणाचं मांस, वाटाणे, ब्लूबेरी, हॉटडिश, हॉटडिश. तळ गाठला.

लुटफिस्क गायब!

टेबलावर जोलीनची चिठ्ठी होती: "मेव्हिसने काकांचं सगळं सांगितलं. मला न सांगता ते आश्रमात जायला निघालेत! मी त्यांच्याकडे जाते आहे. तू लपवलेलं लुटफिस्कचं पुडकं सापडलं, ते त्यांच्यासाठी नेते. गावात तेवढा एकच माणूस मनापासून खातो."

मी खुर्चीत बसलो. माझ्यासारखा हुशार माणूस नेमकी हीच गोष्ट विसरतो!

तासाभराने बाहेर दोन गाड्या थांबल्या. आधी जोलीन आत आली, डोळे लाल. मागून काका. त्यांनी ते पांढरं पुडकं टेबलावर ठेवलं. कागद अर्धवट उलगडलेला, आत पिस्तुलाचा अर्धा भाग, त्यावर बर्फाची साय. मग त्यांनी खिशातून ट्रकच्या किल्ल्या काढल्या आणि पुडक्याशेजारी ठेवल्या.

"जोलीन," काका म्हणाले, "मला घाबरून तुम्ही माझं पिस्तूल सुटं करून माशांत लपवायची गरज नव्हती. मी अजून एवढा बिघडलेलो नाही. मागितलं असतं तर दिलं असतं. या किल्ल्या. घराच्या उद्या आणतो."

"काका, कुणी मागितलं तुमच्याकडे?" जोलीन रडत म्हणाली. "डेल्मर! हे काय आहे? माझ्या फ्रीजरमध्ये पिस्तूल? बोल!"

त्या किल्ल्या ठेवताना काकांचा हात खरंच थरथरत होता, आणि तो आजाराने नव्हे. तो माझ्यामुळे थरथरत होता. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी सगळं ओकून टाकलं. सैल कडं, पकडीतलं अंडं, हातोडी, खोटी चिठ्ठी. काकांनी हात दाखवला तेही सांगून टाकलं, त्यांनी नको म्हटलं असूनही. जोलीनने काकांचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

मग काका म्हणाले, "म्हणजे तुम्हाला मला पाठवायचं नव्हतं?"

"पाठवायचं? कुठे पाठवायचं?" जोलीन ओरडली. "त्या मेव्हिसला पाठवते आता!"

काकांनी खाली बघून दोनदा मान हलवली. मग पुडक्यातला भाग उचलला, रुमालाने पुसला, त्या कड्याला अंगठ्याने धरून एक पीळ दिला. टक! बुशिंग बाहेर. जे मला तीन दिवसांत जमलं नाही ते माणसाने श्वास न रोखता केलं!

"डेल्मर," कडं दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "हे तू केलंस?"

"हो."

"मुद्दाम?"

मी मान खाली घातली.

"पण नेम गेला तो याच्यामुळे? हातामुळे नाही? तुला खात्री आहे?"

"शंभर टक्के!" मी म्हणालो. खरं तर साठेक टक्के होती. पण समोर बसलेल्या माणसाला साठ टक्के कोणत्या तोंडाने सांगणार?

आता दुसरं बुशिंग शनिवारपर्यंत येणं शक्य नव्हतं. पण माझं स्वतःचं पिस्तूल त्याच जातीचं. त्याचं बुशिंग मी पाच वर्षांपूर्वी डुलुथ शहरातल्या एका निष्णात कारागिराकडून मुद्दाम घट्ट बसवून घेतलं होतं. ते मी काढलं आणि काकांना दिलं. त्यांनी ते शुक्रवारभर बारीक पॉलिश-कागदाने घासघासून आपल्या नळीवर बसवलं. नळी दाबून पाहिली. टिक नाही, टुक नाही! माझ्या पिस्तुलाचं मूळ कारखान्याचं सैल कडं कॉफीच्या डब्यात पडलं होतं, ते मी गुपचूप परत चढवलं. त्यागच म्हणायचा! पण त्याची वाच्यता मी केली नाही, फक्त जोलीनला चार वेळा सांगितलं.

शनिवारी मैदानावर सगळं गाव हजर. काका येताना दिसले तशी माणसं आपोआप बाजूला झाली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मेव्हिस नाक पुसत होती. पन्नास यार्डांवरून पहिल्या दहा गोळ्या. डावा हात खिशात, उजवा समोर. मी माझ्या गोळ्या सोडून त्यांच्याकडेच बघत होतो, म्हणून रेंजवाल्याने मला दोनदा बजावलं.

आमच्याकडे आपला कागद आपण मोजायचा नसतो, शेजारच्याने मोजायचा असतो. काकांच्या शेजारी बर्च लेकचा एक तरुण होता. तो कागदासमोर उभा राहिला आणि त्याने दोनदा मोजलं. काळ्या गोलात एकही भोक नव्हतं, होते ते गुण बाहेरच्या पांढऱ्या कड्यांचे!

"सर," तो म्हणाला, "एकसष्ट."

शंभरपैकी एकसष्ट! वेंडेलने टोपी काढली. तो काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तीस वर्षं हे काय थोडं आहे, एनार?" म्हणजे हातच होता! आणि मी त्या माणसाला शंभर टक्के सांगून बसलो होतो!

काका कागदाजवळ गेले. खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी हाताचा पंजा उघडला आणि कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे, पांढऱ्या भागावर ठेवला.

"जोलीन!" त्यांनी हाक मारली. काका मैदानावर ओरडले! तीस वर्षांत प्रथम! "इकडे ये! मोज!"

त्यांनी पंजा उचलला. दहाच्या दहा भोकं तिथे होती. सगळी एकमेकांना खेटून, बशीखाली झाकली जातील इतकी जवळ. हिवाळाभर गोळ्यांच्या मागे धावताना काकांनी पिस्तुलावरची नेम धरायची पट्टी फिरवफिरव फिरवली होती, आणि आता नळी जागेवर आल्यावर सगळ्याच्या सगळ्या एकाच चुकीच्या जागी गेल्या होत्या. चुकीच्या, पण एकाच!

"थरथरणाऱ्या हाताने असं होतं का?" काकांनी विचारलं. विचारलं म्हणजे त्या बर्च लेकच्या पोराला विचारलं. त्या बिचाऱ्याने घाबरून "नाही सर" म्हटलं. जोलीन काकांच्या गळ्यात पडली. मी चष्मा पुसायला लागलो. चष्मा स्वच्छ होता.

मग काकांनी पट्टीचे स्क्रू दोन-चार वेळा फिरवले आणि पुढच्या वीस गोळ्या काळ्याच्या मधोमध घातल्या. सत्त्याण्णव आणि शहाण्णव! पहिल्या एकसष्टामुळे आम्ही आठ गुणांनी हरलो, आणि रिवाजाप्रमाणे बर्च लेकच्या मंडळींना पॅनकेक करून वाढावे लागले. एनारकाका तव्यासमोर उभे राहून पॅनकेक उलटत होते आणि हरलेल्या संघात एवढा आनंदी माणूस मी पाहिलेला नाही.

"मग आता आश्रम?" वेंडेलने चाचरत विचारलं.

"कोणता आश्रम?" काका म्हणाले. "पिस्तूल फार छान दिलंत तुम्ही. हिवाळाभर मलाच त्याची सवय झाली नव्हती." मग तव्यावर नवा घाणा टाकत म्हणाले, "काठ्या सोमवारी आणून दे."

परतताना ते मला ट्रकमधून घरी सोडायला निघाले. ट्रक त्यांचा, चालवत तेच होते. पूल ओलांडला.

"पिस्तूलच होतं तर," ते म्हणाले.

"मी म्हटलं नव्हतं? शंभर टक्के!"

"हं." थोड्या वेळाने: "तू आज कोणतं बुशिंग लावलं होतंस?"

"कारखान्याचं. सैल." मी नम्रपणे खिडकीबाहेर बघितलं. कौतुक होईल असं वाटलं होतं.

"किती झाले?"

"दोनशे एक्केचाळीस."

"आणि मागच्या सामन्यात? त्या घट्टवर?"

मी खोकलो. खिडकीची काच खाली केली, वर केली.

"दोनशे अडतीस."

काकांनी मान डोलावली. पुढचे दोन मैल ते सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. आमची माणसं समोरच्याला लागेल असं बोलत नाहीत, आणि एनारकाका तर नाहीच नाही. माझ्या घरासमोर ट्रक थांबवून त्यांनी घसा साफ केला.

"डेल्मर, ते डुलुथचं बुशिंग मी माझ्याकडेच ठेवलं तर... म्हणजे तुला तसं त्याचं काही..."

"ठेवा, काका," मी म्हणालो.